मोजून उभा केलेला मळा

आमच्या कचेरीत नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मी नकाशांवर रंग भरायचो म्हणून मी रंगारी, साहेब म्हणजे साहेब, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या त्या मोजणीबाई. खातंच मोजणीचं, मोजणी सगळेच करायचे, पण नाव चिकटलं एकट्या बाईंना. कारण त्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नसे. कचेरीत नवं टेबल आलं की आधी वीत टाकून बघणार. आमच्या जिन्याला पायऱ्या किती, असं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बिनचूक सांगितलं असतं. दोन शेजाऱ्यांत कुंपणावरून जुंपली की साहेब बाईंनाच धाडायचे. बाई टेप घेऊन जायच्या, खुंट्या ठोकून यायच्या, आणि त्यांच्या आकड्यावर कुणी ब्र काढत नसे.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी आई आणि नऊ वर्षांनी धाकटा भाऊ. भावाला टिल्लू म्हणायचे. लहानपणी अगदीच काडी पैलवान होता म्हणून पडलेलं नाव. पुढे तो सहा फूट वाढला, पण नाव काही वाढलं नाही.

टिल्लू वायरमन होता. खांबावर सरसर चढायचा. वरून शिट्टी घालायचा. बाईंना म्हणायचा, "ताई, तू जे आठ दिवस पायपीट करून काढतेस ना, ते मला वरून एका नजरेत दिसतं." चोविसाव्या वर्षी एका दुपारी कमरेचा पट्टा सुटला आणि तो खाली आला. जीव वाचला. मानेखालचं सगळं गेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, एवढंच काय ते हलायचं राहिलं.

पहिली दोन वर्षं तो छताकडे बघत पडून होता. कुणाशी धड बोलायचा नाही. आईने भरवलं तर खायचा, नाही तर नाही. मग त्याच्या जुन्या वायरमनांच्या टोळीतल्या एकाने कुठूनसा एक व्हिडिओ गेम आणला आणि तीन बोटांत बसेल असा खटका स्वतःच्या हाताने बनवून दिला. खेळ राजेरजवाड्यांचा, जादूगारांचा, राक्षसांचा. देशोदेशीचे हजारो लोक एकाच वेळी त्यात शिरलेले असायचे. टिल्लूने दोनचार राक्षस मारले, त्याला कंटाळा आला. भटकत भटकत तो एका दरीत पोचला. तिथे एक ओसाड द्राक्षमळा होता, ज्याला कुणी वाली नव्हता. कसलीशी कामगिरी पार पाडली की तो आपल्या नावावर होत असे. टिल्लूने तो घेतला आणि लढाईबिढाई सोडून तिथेच राहिला.

मी "राहिला" म्हणतो कारण त्या घरात तसंच म्हणायचे. बाई कामावरून घरी पोचल्या की आई दार उघडतानाच सांगायची, "हळू ये, टिल्लू मळ्यात गेलाय." सुरुवातीला यावर तिघंही हसायचे. पुढे त्यात हसण्यासारखं काही उरलं नाही.

मळा होताही देखणा. मी पडद्यावर पाहिलेला आहे. पिवळ्या दगडाचं दुमजली घर, त्यावर निळी कौलं. मागे द्राक्षं तुडवायचं दगडी टाकं. तळघरात पिंपांच्या रांगा. फाटकावर दोन तोंडांचा दगडी बैल, एक तोंड येणाऱ्याकडे, एक जाणाऱ्याकडे. आकाशात दोन चंद्र. आणि उतारावर द्राक्षांच्या चौसष्ट ओळी, ज्यांतले घड संध्याकाळ झाली की आतून उजळायचे. त्या चौसष्ट ओळी टिल्लूने स्वतः लावल्या होत्या. छाटणी करायची, पाणी द्यायचं, कीड बघायची. एक दिवस हयगय झाली तर वेल खरोखर सुकायची. मळ्यात तो चालायचा. ओळींमधून चालत खाली ओढ्यापर्यंत जायचा, परत वर यायचा. नऊ वर्षं.

तिथे त्याच्याकडे माणसं यायची. नव्या खेळाडूंना तो टोपलीभर द्राक्षं द्यायचा, राहायला खोली द्यायचा. "मळेकरी" म्हणून ओळखला जायचा. त्यांतली एक नेहमीची झाली. खेळात तिने कोल्हीचं तोंड घेतलेलं होतं, म्हणून सगळे तिला कोल्हीण म्हणत. रोज संध्याकाळी दोघं कानाला हेडफोन लावून बोलत बोलत ओळींमधून चक्कर मारायचे. सहा वर्षं हा नेम चालला. ती कोण, कुठली, दिसते कशी, हे टिल्लूने विचारलं नाही. त्याने तिला स्वतःविषयी सांगितलं होतं ते एवढंच, की मी वायरमन आहे, खांबावर चढतो. खोटं असं तो काही बोलला नव्हता. फक्त 'होतो'च्या जागी 'आहे' म्हणाला होता.

मग एक दिवस बाई घरी आल्या तर टिल्लू मळ्यात नव्हता. पडद्यावर नुसता मजकूर होता.

"ताई, मळा बंद होतोय."

"बंद म्हणजे? दुसऱ्या कुणी घेतला?"

"कंपनी खेळच बंद करतेय. नव्वद दिवसांनी."

"अरे पण तुझं घर, तुझ्या वेली?"

"काही राहणार नाही. जागाच राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाईंचं कामात लक्ष नव्हतं. मला म्हणाल्या, "रंगारी, बावीस वर्षं जमिनी मोजतेय मी. जमीन विकली जाते, वाटली जाते, पाण्याखाली जाते. पण पाण्याखाली गेली तरी ती खाली असतेच ना हो? जागाच राहत नाही म्हणजे ती जाते कुठे?" संध्याकाळी निघताना त्यांनी कपाटातून मोजणीची एक कोरी वही घेतली, साहेबांना सांगून घेतली, आणि मला म्हणाल्या, "मी मळा मोजणार आहे."

पडद्यातली जमीन मोजायची कशी? टेप चालत नाही, दुर्बीण चालत नाही. बाईंनी युक्ती काढली. टिल्लूने खेळातला आपला माणूस स्वतःएवढाच उंच घेतलेला होता, सहा फूट. त्याला दारात उभा करायचा आणि त्यावरून दार किती ते काढायचं. दारावरून भिंत, भिंतीवरून त्याचं एक पाऊल. पाऊल निघालं अडीच फुटांचं. मग रोज संध्याकाळी बाई त्याच्या उशाशी खुर्ची ओढून, मांडीवर वही घेऊन बसायच्या.

"फाटकापासून चाल. सरळ. भरभर नको रे, माझं मोजणं चुकतं."

"एकशे अठरा."

"एकशे सतरा. शेवटचं अर्धंच होतं."

"ताई, तू इथेसुद्धा भांडायला येतेस."

घराची उंची सावलीवरून काढायची तर तिथे चंद्र दोन, त्यामुळे सावल्याही दोन. कुठली खरी धरायची यावरून बहीणभावात चांगलं वाजलं. ते कचेरीत सांगताना बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मी त्यांना असं हसताना बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. आईसुद्धा त्या दिवसांत चहा घेऊन यायची आणि विचारायची, "आज कुठवर गेलात?"

"विहिरीपर्यंत."

"मग आता हात आवरा. ओढ्याकडे उद्या जा."

नव्वद दिवसांत वही भरली. एक कोपरा मोजायचा राहिला नाही. शेवटच्या दिवशी खेळ दुपारी चार वाजता बंद होणार होता. टिल्लूने सकाळपासून फाटक उघडं ठेवलं आणि येईल त्याला सांगितलं, हवी तेवढी द्राक्षं तोडा. लोक आले, तोडून घेऊन गेले. शेवटी कोल्हीण आणि तो, दोघंच ओळींतून चालत राहिले. बाई त्याच्या उशाशी होत्या, त्यांना त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. मध्येच तो म्हणाला, "बघू." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बघू ना, कळवीन." आता कुठे भेटायचं असं ती विचारत होती. त्याने काही सांगितलं नाही. चार वाजले, पडदा काळा झाला, त्यावर आभाराची एक ओळ आली.

टोळीतल्या मित्राने दुसरे खेळ आणून दिले. टिल्लूने एकही लावला नाही. "तिथे माझं काय लावलंय?" म्हणाला. पुन्हा तो छताकडे बघायला लागला.

बाईंनी बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान एका भिंतीला लोटलं आणि मध्ये सात फूट लांब, पाच फूट रुंद असा प्लायवूडचा ओटा मांडला. चार फुटाला एक इंच हे प्रमाण धरलं. पुढचे चौदा महिने कचेरीतून घरी जायचं आणि मळ्याला लागायचं, एवढंच त्यांचं आयुष्य होतं. उतार त्यांनी पुठ्ठ्याचे थर रचून केला. भिंतींचे दगड लाकडाच्या चिपांचे, एकेक चिकटवलेला. वेलींसाठी टिल्लूच्या टोळीने तांब्याच्या तारांचे तुकडे पिशवी भरभरून आणून दिले. एका ओळीत वीस वेली, अशा चौसष्ट ओळी. बाराशे ऐंशी वेली बाईंनी हाताने पिळल्या. पानं कागदाची. ती रंगवायचं काम माझ्याकडे होतं. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी हिरवे कागद रंगवायचो, त्यावर साहेब म्हणायचे, "रंगारी, हे कुठल्या गावाचं जंगल?" घड मोहरीच्या दाण्यांचे, जांभळ्या रंगात बुडवून वाळवलेले. ते आईने चिकटवले. म्हातारीची नजर अधू, पण चिमट्याने एकेक दाणा उचलून बरोबर बसवायची. "स्वयंपाकात मोहरी टाकताना आता हात आखडतो गं," म्हणायची, "वाटतं, याचा आणखी एक घड झाला असता."

मधलं दार बंद असायचं. पुरं झाल्याशिवाय टिल्लूला दाखवायचं नाही असं ठरलं होतं. आतून तो विचारायचा, "काय ठोकाठोकी चाललीय?" बाई म्हणायच्या, "तुला काय करायचंय?" काय चाललंय ते त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

झालं तेव्हा बाईंनी मला बोलावलं. मी आणि त्या, दोघांनी मिळून त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं, मान पट्ट्याने बांधली आणि बाहेर आणलं. बाईंनी घडांमागच्या बारीक दिव्यांचं बटण दाबलं. चौसष्ट ओळी उजळल्या. पडद्यावर पाहिलं होतं ते सगळं समोर होतं, बैलाची दोन्ही तोंडं, टाकं, ओढ्यावरचा दगडी पूल.

टिल्लू बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कौलांचा रंग अगदी तोच आहे."

"रंगारीकाकांनी काढला," बाई म्हणाल्या.

"सातवी ओळ सरळ केलीस."

"सरळच होती. वहीत आहे."

"नाही गं. मधे वाकडी होती. माझीच पहिली लावलेली, तेव्हा जमत नव्हतं. तू दोन टोकं मोजलीस फक्त."

बाईंचा चेहरा उतरला. तो लगेच म्हणाला, "राहू दे. छान केलंस. सगळं तसंच आहे." पुन्हा थोडा वेळ बघून त्याने विचारलं, "ताई, यात जायचं कुठून?"

बाई हसल्या. बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय, फाटक नाही का?"

"हं," टिल्लू म्हणाला. थोड्या वेळाने मान दुखते म्हणाला, म्हणून आम्ही त्याला आत नेऊन निजवलं.

सोमवारी कचेरीत बाईंनी पेन्सिल तासता तासता मला विचारलं, "जायचं कुठून म्हणजे काय म्हणायचं असेल हो त्याला?" मला कळलं होतं. बाई मोजत होत्या तेव्हा तो त्यांच्याबरोबर चालत होता. मळा आता पुरा होता, आणि तो खुर्चीत होता. पण चौदा महिने राबलेल्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "सहज विचारलं असेल."

इथपर्यंत जे झालं ते झालं. पुढचं माझ्यामुळे झालं.

मी मळ्याचा फोटो काढला होता. टिल्लू पुन्हा बाहेर यायचं नाव काढत नव्हता, बाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या, आणि मला वाटलं, ज्यांच्याबरोबर तो तिथे नऊ वर्षं राहिला त्या लोकांना हे दाखवलं तर त्याला बरं वाटेल. त्या खेळाच्या जुन्या खेळाडूंचा एक गट इंटरनेटवर होता. तिथे मी फोटो टाकला. खाली लिहिलं, मळेकऱ्याच्या बहिणीने बनवलाय. दोन दिवसांत शेकडो लोकांनी काय काय लिहिलं. आणि तिसऱ्या दिवशी कोल्हिणीचं मला स्वतंत्र पत्र आलं. मळा बघायला येऊ का, आणि तो भेटेल का, एवढंच तिने विचारलं होतं.

बाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टिल्लूला विचारते."

मी म्हणालो, "विचारलंत तर नाहीच म्हणेल. अहो, सहा वर्षांची मैत्री आहे. समोर आली की खुलेल. थेट येऊ द्या."

बाईंनी दोन दिवस घेतले. मोजल्याशिवाय पाऊल न टाकणारी ती बाई, माझ्या शब्दावर हो म्हणाली.

रविवारी सकाळी अकराला ती आली. चाळिशीची, अंगाने बारीक, कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवणारी. सहा तास बसमध्ये बसून आली होती आणि हातात खऱ्या द्राक्षांची करंडी होती. दारातून आत पाऊल टाकलं आणि मळा बघून तिथेच थांबली. मग करंडी हातात तशीच धरून ओट्याभोवती फिरायला लागली. "इथे मी पहिल्यांदा आले तेव्हा पाऊस होता. इथे बसायचो आम्ही, या पुलावर. अगं बाई, टाक्यापाशी तुटकी बादलीसुद्धा आहे!" हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. पूर्ण फेरी मारून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं.

"आणि तो कुठाय? रविवारीसुद्धा खांबावर?"

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. मी समजत होतो बाई तिला सांगतील. बाई समजत होत्या मी पत्रात लिहिलं असेल. दोघांनीही सांगितलं नव्हतं. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्याला सगळं ऐकू गेलं होतं.

बाईंनी दार उघडलं.

टिल्लू छताकडे बघत होता. नाकातली ऑक्सिजनची नळी, छातीपर्यंत पांघरूण, बाजूला लोंबणारी लघवीची पिशवी. ती उंबऱ्यात उभी राहिली. मग टिल्लूच बोलला, शांतपणे, अगदी परक्याशी बोलावं तसं.

"तुम्ही माझ्या भावाकडे आलात का?"

तिने करंडी छातीशी धरली.

"तो नसतो इथे. बाहेरगावी असतो. त्याचं कामच तसलं, आज या गावी, उद्या त्या."

सहा वर्षं रोज संध्याकाळी तिने तो आवाज कानात ऐकलेला होता. मागून आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "अरे, कुठला भाऊ?" बाईंनी तिचा दंड धरला.

"हो का," ती म्हणाली. तिने मोठ्या कष्टाने आवाज सरळ ठेवला होता. "कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"आले तर सांगाल, कोल्हीण येऊन गेली?"

"सांगेन."

"आणि म्हणावं..." ती अडखळली. "म्हणावं, मी बरी आहे."

"सांगेन," टिल्लू म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तिने करंडी ओट्याच्या कडेला ठेवली आणि ती निघाली. मी पोचवायला गेलो. जिन्यात मधल्या पायरीवर ती खाली बसली, कितीतरी वेळ उठलीच नाही. बसथांब्यावर तिने मला एकच विचारलं, "कधीपासून?"

"बारा वर्षं झाली."

"म्हणजे आमची ओळख होण्याच्या आधीपासून." बस आली. चढताना म्हणाली, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मी त्याला विचारल्याशिवाय आले नसते."

मी परत वर गेलो तेव्हा टिल्लू बाईंशी बोलत होता. आवाज चढलेला नव्हता.

"ताई, ते घराबाहेर काढ."

"काढते. कुणाला तरी देऊन टाकू. उद्या माणसं बोलावते."

"आज."

आम्ही दोघांनी ओटा उचलून पाहिला. दार तीन फुटांचं. ओटा उभा केला असता तर गेला असता, पण उभा केल्यावर वेली, कौलं, सगळं घरंगळून खाली आलं असतं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या बाईने स्वतःचं दार मोजलं नव्हतं. आडवा तो बाहेर जाणं शक्यच नव्हतं. बाईंनी आत जाऊन तसं सांगितलं.

"मग काप," टिल्लू म्हणाला.

बाईंनी माळ्यावरून करवत काढली. मी म्हटलं, मी कापतो. त्या नको म्हणाल्या. "तुम्ही नुसतं धरा." त्यांनी पट्टी लावून पेन्सिलने रेघ मारली, बत्तीस ओळी इकडे, बत्तीस तिकडे, आणि करवत चालवायला सुरुवात केली. प्लायवूडचा तो आवाज घरभर होत होता. तारा तुटत होत्या, मोहरीचे दाणे जमिनीवर टपटपत होते. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. मधलं दार उघडंच होतं. घराच्या भिंतीपाशी करवत आली तेव्हा आतून हाक आली.

"ताई."

बाईंनी करवत तिथेच टाकली आणि धावत आत गेल्या. मीसुद्धा मनात म्हटलं, थांबवतोय. थांबव बाबा.

"पाणी दे," टिल्लू म्हणाला.

बाईंनी त्याला नळीने पाणी पाजलं, तोंड पुसलं, बाहेर आल्या आणि राहिलेलं कापलं. दोन्ही तुकडे मी आणि फोन करून बोलावलेला टोळीतला तो मित्र, आम्ही जिन्याने खाली नेले. तिथून भंगारवाल्याच्या गाडीवर गेले. करंडीतली द्राक्षं कुणी खाल्ली नाहीत. आईने ती शेजारी देऊन टाकली.

टिल्लू त्यानंतर एकोणीस महिने जगला. भांडला नाही, रडला नाही. फक्त बोलणं कामापुरतं झालं. पाणी. कूस. पंखा कमी कर. बाई एकदा त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, "माझं चुकलं रे. तुला विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "तुझं काय चुकलं? तू चांगल्यासाठीच केलंस." बाई मला म्हणाल्या, "त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो." मला मात्र त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. रोज शेजारच्या टेबलावर बसायच्या, वेळेवर चहा सांगायच्या, माझाही सांगायच्या. तो चहा मी टेबलावर तसाच थंड होऊ द्यायचो.

छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत तो गेला. बाई तेव्हा कुणाच्यातरी कुंपणाची मोजणी करत गावाबाहेर होत्या. घरी एकटी आई होती. पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या. खुर्चीत बसल्या, वही उघडली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या बाईंना कळवलंत का?"

मी म्हटलं, नाही. काय कळवायचं तेच सुचत नव्हतं. त्याने सांगितलेल्या त्या भावाचं काही लिहू का, की...

"खरं लिहा," बाई म्हणाल्या. "तारीख घाला. वेळ घाला. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं."

मी तसंच लिहिलं. तिचं उत्तर आलं नाही.